खोताच्या वाडींतील ‘पोकळ बोटवे’

गिरगांवांत वाड्यांस तोटा नाहीं. परंतु खोताच्या वाडीसारखी दुसरी वाडी दाखविणें कठीण. जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून आंत वळलें, कीं थोड्याच पावलांत रहदारीचा कोलाहल मागें पडतो. बोळ इतका अरुंद, कीं समोरून कोणी आलें तर एकानें अंग चोरावें. दुतर्फा लांकडी कठड्यांचीं कौलारू घरें, पुढें ओसरी, मागें परसूं, आणि माडीवर जाण्यासाठीं बाहेरूनच घातलेला जिना. सार्वजनिक गणेशोत्सवाचा मुंबईंतील पहिला मान १८९३ सालीं ज्या केशवजी नाईक चाळींस मिळाला, ती येथून हांकेच्या अंतरावर आहे.

ही जमीन पाठारे प्रभु ज्ञातीच्या खोत घराण्याची. त्यांनीं सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं येथील जागा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस विकल्या व वाडी वसली. नांवावरून हे लोक कोठून तरी पूर्वेकडून आले असावेत असा ग्रह होतो. पण ते साष्टी, वसई व मुंबई या भागांतले मूळचेच रहिवासी. पोर्तुगीज अमदानींत त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. गोंवा व मंगळूरकडून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे, हें सरकारच्या ध्यानांत यावें म्हणून त्यांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, हें नांव धारण केलें. त्यांची मूळ भाषा मराठी.

गेल्या फाल्गुनांत येथील एका परिचित वृद्ध बाईंकडे आमचें जाणें झालें. त्यांचे चिरंजीव आमच्या हाताखालीं शिकलेले, म्हणून हा घरोबा. दिवस शुक्रवारचा होता, आणि ईस्टरपूर्वींचा त्यांचा चाळीस दिवसांचा व्रतकाल चालू होता; त्यांतील शुक्रवारीं त्यांच्याकडे मांस वर्ज्य. “मास्तर, आज तुमचें आणि आमचें पान एकच,” असें म्हणून बाईंनीं भट्टींतून एक पसरट भांडें काढिलें. वर सोनेरी, खरपूस पापुद्रा. आंत दुधांत व चीजमध्यें माखलेली मॅकरोनी. अंडें नाहीं, हें त्यांनीं न विचारतांच सांगितलें. निघतांना घरच्या मंडळींसाठीं डबाहि दिला.

तो डबा हातीं घेतांना आम्हांस पुण्याच्या पंचहौद मिशनची गोष्ट आठवली. १८९० सालीं तेथें चहा-बिस्किटें पुढें आलीं, उपस्थितांचीं नांवें छापून निघालीं, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभें राहून गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. आमच्या घरीं ग्रामण्य नव्हतें; परंतु मातुःश्री पंचाऐशींच्या, आणि ‘इंग्रजी पदार्थ’ म्हटला कीं त्यांचा हात आंखडतो. नातवंडें डब्याभोंवतीं जमलेलीं पाहून त्या जवळ आल्या, एक नळी बोटांत धरून निरखून पाहिली व म्हणाल्या, “अग, हे तर पोकळ बोटवे!”

त्या एका वाक्यांत आमच्या पांडित्याहून अधिक अर्थ होता. लग्नमुंजींच्या आधीं आपल्या घरांतून गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे वळतात. त्या वळवटाची खीर होते. बारीक रवा दुधांत भिजवून, बोटांनीं वळून, सुकवून ठेवावयाचा हा प्रकार. मॅकरोनीहि रव्याचीच. ज्या कठीण जातीच्या गव्हास आपण बन्सी म्हणतों, त्याच जातीचा गहूं इटलींत तिच्यासाठीं वापरतात. त्याचें पीठ चिवट, म्हणून शिजल्यावर आकार मोडत नाहीं. भावमिश्रानें ‘भावप्रकाशां’त सेविका सांगितली आहे, तीहि जवाएवढ्या वळ्या सुकवून दुधांत शिजवावयाची. तिकडे सिसिली बेटांत असा सुका पदार्थ तयार होऊन जहाजांनीं दूरदूर जात असे, हें अरब भूगोलवेत्ता इद्रिसी यानें ११५४ सालींच लिहून ठेविलें आहे. तेव्हां नातें जुनें आहे. भट्टी मात्र नवी.

आतां कृति. आठ-दहा पानांस अर्धा किलो मॅकरोनी पांच लिटर उकळत्या मिठाच्या पाण्यांत सोडावी व पुरती मऊ होण्याच्या दोन मिनिटें आधींच निथळावी, कारण उरलेली ती भट्टींत शिजते. पाऊणशें ग्रॅम लोण्यांत तितकाच मैदा मंदाग्नीवर, तांबूस होऊं न देतां, परतावा. त्यांत सव्वा लिटर कोमट दूध थोडथोडें घालून ढवळावें, म्हणजे गुठळ्या होत नाहींत. मिरपूड, मीठ व किंचित् जायफळ घालावें. भांडें विस्तवावरून उतरून मग पाव किलो किसलेलें चीज मिसळावें. उकळत्या दुधांत घातल्यास तें तार धरतें व तूप सोडतें. वाफविलेले मटार, गाजर व फरसबी घालून सर्व एकत्र करावें. वर थोडें चीज व शिळ्या पावाचा चुरा पसरून १९० अंशांवर अर्धा तास भाजावें. बाहेर काढल्यावर दहा मिनिटें तसेंच ठेवावें, म्हणजे वड्या नीट सुटतात.

एक सूचना सोंवळें पाळणाऱ्यांसाठीं. चीजचें दूध विरजण्यास पूर्वापार वासराच्या जठरांतील द्रव्य वापरीत. आतां सूक्ष्म जंतूंपासून केलेलें द्रव्यहि वापरतात. म्हणून वेष्टनावरील हिरवी खूण पाहूनच घ्यावें.

मातुःश्रींनीं त्या दिवशीं दोन घांस घेतले; भांड्याच्या कडेची खरवड मात्र नातवंडांस मिळूं दिली नाहीं. पुढें आमच्या सूनबाईंनीं हा पदार्थ घरीं केला, तेव्हां थोरल्या पातीपासून धाकट्या पातीपर्यंत एकाच भांड्यांतून वाढलें गेलें. एरव्हीं मुलांचें जेवण बाहेरून येतें व वडिलांचें चुलीवर होतें. त्या रात्रीं दोनदां पानें मांडावीं लागलीं नाहींत.

डबा परत करण्यास आम्ही पुन्हां वाडींत गेलों. आपल्या रीतीप्रमाणें रिकामा न नेतां गव्हल्यांची खीर घालून नेला. बाईंनीं तो ओसरीवरच घेतला. येथें एके काळीं पासष्ट घरें होतीं. आज त्यांतील निम्मींहि उरलीं नाहींत. जुनें घर मोडून तेथें उंच इमारत उठते, तेव्हां प्रथम जाते ती ओसरी; आणि ओसरी गेली, कीं जातां-येतां शेजाऱ्याच्या हातीं डबा देण्याची जागाच राहत नाहीं. गिरगांवांत जाणें होईल तेव्हां वाचकांनीं हा बोळ अवश्य पाहावा. तेथें लोक राहतात, म्हणून आवाज बेतानें करावा. आणि घरीं हें भांडें भट्टींतून निघेल तेव्हां त्यांतील एक वडी, अजून गरम आहे तोंच, शेजारच्या दारीं पोंचवावी.