सांडपाण्यावर पिकणारी तळी

कोलकात्याला जाणाऱ्या पर्यटकांची यादी ठरलेली असते. हावडा पूल, व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि परतताना रसगुल्ल्यांचे डबे. शहराची पूर्वेकडची कड या यादीत सहसा नसते. पण बायपास ओलांडून बासंतीच्या रस्त्याला लागले की उंच इमारती मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना उथळ तळी दिसू लागतात. बांधांवर बगळे आणि पाणकावळे बसलेले असतात. कमरेइतक्या पाण्यात उतरून मच्छीमार जाळी ओढत असतात. या तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. पाहणाऱ्याला कल्पनाही येत नाही, की या पाण्याचा मोठा भाग कोलकात्याच्या घराघरांतून आलेले सांडपाणी आहे!

नदी आटली, वाट सापडली

हुगळी शहराच्या पश्चिमेला वाहते, पण जमिनीचा उतार मात्र पूर्वेकडे आहे. म्हणून सांडपाणी पूर्वेला नेण्याची योजना एकोणिसाव्या शतकातच आखली गेली. तिकडे विद्याधरी नदी होती आणि तिच्या भरतीच्या खाऱ्या पाण्यावर तिथली मासेमारी चालत असे. हळूहळू नदी गाळाने भरली आणि १९२८ मध्ये ती मृत म्हणून जाहीर झाली. खारे पाणी थांबले, तशी मासेमारीही बुडाली. तेव्हा, १९३० च्या सुमारास, सांडपाणी बेताबेताने तळ्यात घेऊन मासे वाढवण्याची रीत रुजली. पुढे स्थानिक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती पारखून घेतली.

रीत साधी आहे. कालव्यांतून आलेले सांडपाणी उथळ तळ्यात पसरते. त्यातली घाण जिवाणू कुजवतात. भरपूर उन्हामुळे शेवाळ वाढते आणि पाण्यात प्राणवायू सोडते. ते शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाऊन रोहू, कटला, मृगळ पोसले जातात. कडेने वाढवलेली जलपर्णी लाटांपासून बांध राखते आणि माशांना सावली देते. तळ्यातून बाहेर पडणारे पाणी भातशेतीला जाते. जवळच धापा भागात शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाजीपाला पिकत आला आहे. ज्या कामासाठी इतर शहरांना महागडी यंत्रे आणि वीज लागते, ते काम इथे ऊन आणि मासे करतात. वर शहराला ताजे मासे, भाजी आणि हजारो कुटुंबांना रोजगार मिळतो.

नकाशावरची रेघ

हे सारे शहराच्या नियोजनात कुठेच मोजले जात नव्हते. १९८० च्या दशकात राज्य सरकारचे अभियंता ध्रुवज्योती घोष, सांडपाण्याचे पुढे होते तरी काय, याचा माग काढत इथवर पोहोचले. मच्छीमारांच्या या रीतीचा त्यांनी अभ्यास केला, त्या प्रदेशाचा नकाशा तयार केला आणि त्याचे मोल जगाला सांगितले. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ५००’ सन्मानासाठी त्यांची निवड झाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

नकाशाची गरज होतीच. फाळणीनंतर वाढलेल्या लोकसंख्येला घरे हवी होती, म्हणून डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात याच पाणथळीचा उत्तरेकडचा भाग भरून सॉल्ट लेक उभे राहिले. पुढे आणखी जमीन भरून व्यापारी केंद्र उभारण्याचा बेत निघाला, तेव्हा नागरिकांची एक संस्था न्यायालयात गेली. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळ जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरच्या या प्रदेशाचा रामसर यादीत समावेश झाला आणि २००६ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

तरीही संकट टळलेले नाही. शहर वाढते आहे, जमिनीला सोन्याचा भाव आहे. कुठे तळ्यात भराव पडतो, कुठे रातोरात भिंत उभी राहते. कालवे गाळाने भरल्यामुळे पुरेसे सांडपाणीच मिळत नाही, अशी मच्छीमारांची तक्रार आहे. कारखान्यांचे रासायनिक पाणी मिसळले तर ते ऊन आणि शेवाळाच्या आवाक्याबाहेरचे ठरते. मासेमारी परवडेनाशी झाली, की तळे विकण्याचा मोह होणारच. म्हणून इथे तळे वाचवायचे तर आधी मच्छीमाराची मिळकत टिकवावी लागते. नकाशावर रेघ ओढणे त्यामानाने सोपे असते.

केव्हा, कसे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले. सायन्स सिटीची खूण ठेवून बासंतीच्या रस्त्याने गाडीने सहज जाता येते. भेड्या सहकारी संस्थांच्या किंवा खासगी आहेत, त्यामुळे बांधावर उतरण्यापूर्वी विचारलेले बरे. पहाटे गेल्यास जाळी ओढण्याची लगबग पाहायला मिळते. मासे जिवंत राहावेत म्हणून ॲल्युमिनियमच्या हंड्यांतले पाणी हाताने खळबळवत, ते बाजारात पोहोचवणारे लोकही दिसतात. मुलांना सोबत जरूर न्यावे. न्हाणीघराच्या मोरीतून गेलेले पाणी पुढे कुठे जाते, हा प्रश्न त्यांना इथे आपोआप पडेल. घरी परतल्यावर आपल्या गावाबद्दलही ती तेच विचारतील, तेव्हा उत्तर शोधायला मोठ्यांनीही त्यांच्याबरोबर निघावे.