डाव्या बाजूचा रस्ता

लग्नानंतर बत्तीस वर्षं मी रस्त्याची फक्त डावी बाजू पाहिली.

ह्यांची राजदूत होती, १७५ सीसीची, काळी, जड. १९८४ साली लग्न होऊन मी जळगावची धुळ्याला आले तेव्हा ती दारात उभी होती. साडी नेसून मागे बसायचं म्हणजे दोन्ही पाय डावीकडे, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर आणि डाव्या हातात पदर किंवा मागचा कॅरियर. तसं बसलं की समोरचं काही दिसत नाही. समोरचं ह्यांचं, बाजूचं माझं, अशी वाटणी न बोलता ठरून गेली. ह्यांची नजर खड्ड्यांवर असायची. मुक्कामाला पोचलो की पाणी पिता पिता पहिला प्रश्न यायचा, "काय दिसलं?" मग मी सांगायची. कुठली विहीर पाण्याला आली, कुठे कापसाच्या वेचणीला बाया लागल्या, कुठल्या बांधावरची बाभूळ तोडली. मैलाचे दगडही माझ्याच बाजूला असत, तेव्हा किती राहिलं हेही मीच सांगायची.

धुळे ते जळगाव म्हणजे फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आणि राजदूतवर तीन तास. तो रस्ता सरळ पूर्वेला जातो, म्हणून माहेरी जाताना माझं तोंड उत्तरेकडे असायचं, तापीच्या अंगाला. परतताना दक्षिणेकडे. एकाच रस्त्याचे असे दोन रस्ते झाले होते. बांभोरीच्या पुलावर हे सगळ्यात जास्त जाणवायचं. जाताना गिरणा तापीकडे निघालेली दिसायची आणि येताना वरून, लांबून, आपल्याकडे येणारी. परतीला पुलावर माझे डोळे भरून यायचे. ह्यांना पाठीमागचं दिसत नसे. तरी ते पूल ओलांडेपर्यंत गाडी हळू चालवायचे.

पहिली मोठी फजिती मुकटीजवळची, १९८६च्या मे महिन्यातली. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. जळगावहून निघताना घाई झाली आणि ऑइल घालायचं राहून गेलं. दुपारी दोनचं ऊन, वाऱ्याच्या झळा, आणि एकाएकी इंजिन सीज होऊन मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी फरफटत गेली. मुलगी पुढे टाकीवर होती, तिला ह्यांनी एका हाताने धरून ठेवलं. मी डावीकडे फेकली गेले आणि पायांवर उभी राहिले. पाय डावीकडे होते म्हणून वाचले. शेतातून एक बाई धावत आली, मला लिंबाखाली बसवलं, मुलीच्या डोक्यावर ओला फडका ठेवला. तासाभराने इंजिन निवलं, ऑइल घातलं, किकने पिस्टन सुटला. त्या बाईने आमचं नावगाव काही विचारलं नाही. "लेकरूले पानी पाजा" एवढंच म्हणत राहिली. पुढे त्या लिंबाखालून जाताना मी दर वेळी तिला शोधायची. ती परत कधी दिसली नाही.

दुसरी फजिती पदराची. मनमाडच्या वळणावर पदर वाऱ्याने सुटला आणि साडीगार्डच्या फटीतून चाकात ओढला गेला. मानेला हिसका बसला, वळ पंधरा दिवस राहिला. साडीगार्ड नसतं तर हा लेख लिहायला मी नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३वा नियम सांगतो की मोटारसायकलवर मागच्या माणसाला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला हवा. हे मला फार नंतर कळलं. कायद्याच्या एवढ्या कागदांत कुणीतरी माझ्यासारखीचा विचार करून एक नियम लिहिला, याचं मला अजून बरं वाटतं. रस्त्यावर नवी गाडी दिसली की मी अजूनही आधी तिचं साडीगार्ड बघते.

राजदूत गेली, दुसरी आली, तिसरी आली. मी डावीकडेच.

२०१६ साली हे शाळेतून निवृत्त झाले आणि म्हणाले, नर्मदा परिक्रमा करू, गाडीवर. नर्मदा १३१२ किलोमीटरची. पायी करणारे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा नेम सांगतात. आम्ही वीस दिवस धरले. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. हे मला ते सांगत होते आणि मी भाकरी थापता थापता थांबले. नदी उजवीकडे म्हणजे माझ्या पाठीशी. सगळी परिक्रमा मी नर्मदेकडे पाठ करून बसणार.

दुसऱ्याच दिवशी आग्रा रोडवर जाऊन दोन पंजाबी ड्रेस शिवायला टाकले. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा गाडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले. शिरपूरच्या अलीकडे ह्यांनी गाडी थांबवली, उतरले, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "आज गाडी सरळ चालतेय." माझ्या डावीकडच्या वजनाला तोल म्हणून हे बत्तीस वर्षं किंचित उजवीकडे कलून गाडी चालवत होते. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ओंकारेश्वरला दक्षिण तीरावर संकल्प केला. समोर बेटावर देऊळ दिसतं, पण पूल ओलांडायचा नाही, दर्शन परिक्रमा संपल्यावर. बाटलीत नर्मदेचं पाणी घेतलं, ते शेवटपर्यंत जपायचं असतं. खेतियाच्या रस्त्यावर एका गतिरोधकाला बाटलीचं झाकण सैल झालं आणि पाणी माझ्या मांडीवर सांडलं. तळाला चार घोट राहिले. मी रडवेली झाले. आश्रमातल्या आजी म्हणाल्या, चार घोट आहेत ना, मग त्यातच पुढच्या घाटावर भर, पाणी तेच होतं.

शहादा, प्रकाशा, तळोदा. परिक्रमा आपल्या खान्देशातून जाते आणि तिथे नर्मदा दिसतच नाही. ती उत्तरेला, सातपुड्याच्या पल्याड, अक्राणीच्या डोंगरांखाली. उजवीकडे दिवसभर सातपुडा होता. इतक्या जवळून, इतका वेळ मी तो कधी पाहिला नव्हता. अक्कलकुव्याच्या अलीकडे पंक्चर झालं, दोन किलोमीटर गाडी ढकलली. मी मागून ढकलत होते आणि डोंगराकडेच बघत होते.

अंकलेश्वरच्या पुढे नदी समुद्राला मिळते. तिथे परिक्रमावासी नावेने खाडी पार करून उत्तर तीरावर मिठी तलाईला उतरतात. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, माणसं दाटीवाटीने बसतात. गाडीला तिथे जागा नाही. गाडी भरूचच्या पुलावरून वळसा घालूनच न्यावी लागते आणि पुलावरून जाणं म्हणजे नर्मदा ओलांडणं. आदल्या रात्री आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. मग हे म्हणाले, "तू नावेने जा. तुझी अखंड होऊ दे."

तीन-साडेतीन तास पाणीच पाणी. शेजारची बाई भजन म्हणत होती. माझ्यापुढे पाठ नव्हती, खांदा नव्हता, उजवा हात कुठे ठेवावा ते कळेना. तो मी बाटलीवर ठेवला.

मिठी तलाईला उतरले तेव्हा हे किनाऱ्यावर चहा घेऊन उभे होते. माझी पिशवी मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधलेली होती. त्यांनी विचारायच्या आत मीच विचारलं, "काय दिसलं?"

हे थोडा वेळ थांबले. म्हणाले, "दहेजच्या रस्त्याला वळणं होती. पिशवी काही झुकत नव्हती माझ्याबरोबर."

मी चहा प्यायले, दोरी सोडली, पिशवी कॅरियरला लावली आणि मागे बसले.