हत्तीपुढचं प्यादं

बुद्धिबळ मला शिकवलं शेजारच्या काकांनी. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या वाड्यात, ओट्यावर पट मांडून. पटावर ते दोन राजे आणि एकच प्यादं ठेवत आणि म्हणत, "एवढं जिंकून दाखव." मला त्याचा कंटाळा येई. मला वजीर हवा असे, मारामारी हवी असे. चार-सहा चाली पाठ झाल्यावर मी ओट्याकडे फिरकेनासा झालो. काकांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढे नोकरीत खेळ सुटला, तो २०२०च्या टाळेबंदीत मोबाईलवर परत आला. रोज हरत होतो. त्या दिवसांत इंग्लिश ग्रँडमास्टर टोनी माइल्सचा डाव पाहण्यात आला. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे समोर विश्वविजेता कार्पोव्ह. त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं चालवलं. उत्तरादाखल माइल्सने वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं फक्त एक घर सरकवलं. अशी चाल नवशिक्यालाही कोणी शिकवत नाही. आणि माइल्स जिंकला!

मला वाटलं, अभ्यास चुकवायची पळवाट सापडली. पहिल्या तीन चाली घोकल्या. माझ्यासारखेच कच्चे खेळाडू गोंधळायचे, मी जिंकायचो आणि ते माझंच कर्तृत्व समजायचो.

एका रात्री जोडी लागली ती माझ्यापेक्षा आठ-नऊशे गुणांनी वरचढ खेळाडूशी. मी तेच प्यादं सरकवलं. तो गोंधळला नाही. शांतपणे पटाचा मध्य धरला, किल्लेकोट केला आणि घोड्यापुढच्या माझ्या पुढे गेलेल्या प्याद्याला आपलं प्यादं भिडवलं. मी घाबरून माझं आणखी पुढे रेटलं. मग त्याच्या मधल्या प्याद्याने माझा घोडा हुसकावला. माझा राजा मधेच अडकला आणि थोड्याच चालींत मात झाली.

मी लाजून लिहिलं, ओपनिंगच वाईट होती. त्याचं उत्तर आलं, ओपनिंग नाही, तुमची सहावी चाल चुकली. माइल्सचा डाव पुन्हा बघा.

पाहिला. कार्पोव्हनेही नेमकं तेच प्यादं भिडवलं होतं. माइल्स पळाला नव्हता. त्याने उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकून थेट मध्यावर घाव घातला होता. पुढे मोहरी विरळ झाली आणि माइल्सची जास्तीची प्यादी भारी पडली. म्हणजे डाव संपला तो काकांच्या ओट्यावर. तेवढाच भाग मी शिकायचा टाळला होता.

एप्रिल २०२४मध्ये टोरांटोच्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत आमच्या नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी उंटाचा बळी देऊन अमेरिकेच्या नाकामुराला हरवलं, तेव्हा सगळे त्या धक्कादायक चालीबद्दल बोलत होते. मला दिसत होती ती तिच्यामागची, घरी बसून केलेली मेहनत. एरवी मीही नुसत्या धक्क्यालाच टाळी दिली असती.

त्या रात्रीच्या खेळाडूचं नाव मी विचारलं नाही. काकांना हे सांगायचं राहून गेलं. ते त्याआधीच गेले होते. हत्तीपुढचं प्यादं मी अजूनही सरकवतो. पण त्याआधी पटावर दोन राजे आणि एक प्यादं मांडतो. तेवढं जिंकणं मला अजून दर वेळी जमत नाही.