वारा कोणाला अनुकूल?

अनुवादाच्या व्यवसायात काही शब्द वर्षानुवर्षे लेखणीखालून जातात आणि त्यांच्या अर्थापाशी आपण क्षणभरही थांबत नाही. ‘वातानुकूलन’ हा असाच एक शब्द. वाऱ्याला अनुकूल करून घेणे ते वातानुकूलन. पण अनुकूल कोणाला? १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकी अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी अशी योजना आखली. दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. म्हणजे त्या ठिकाणी वारा अनुकूल करावयाचा होता तो कागदाला! माझ्यापुढे हा प्रश्न आला तो मात्र आईच्या निमित्ताने.

आईचे सारे आयुष्य वर्ध्यास गेले. वैदर्भी उन्हाळा तिच्या अंगवळणी पडलेला. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांच्या आधाराने तिने कितीतरी वैशाख काढले. परंतु आता वय बहात्तर, हृदय दुबळे, आणि दिल्लीतील आमचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. मे महिन्यातील कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कारण पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. हवा दमट झाली की पाणी उडेनासे होते आणि कूलर नुसता ओला वारा घालत राहतो. जून २०२४ मध्ये तर दिल्लीत रात्रीचे किमान तापमानही ३५ अंशांवर गेले होते. डॉक्टरांनी आईला उकाड्यापासून जपावयास सांगितले, तेव्हा यंत्र घ्यावयाचे ठरले.

दुकानदाराचा पहिलाच प्रश्न होता, “किती टनाचा एसी हवा?” हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. आजच्या मापाने सुमारे साडेतीन किलोवॅट. आमची खोली बारा फूट लांब आणि अकरा फूट रुंद. डोक्यावर तापणारी गच्ची आणि पश्चिमेची मोठी खिडकी पाहता दोन टनांचे यंत्र घ्यावे, असे त्याने सुचविले. परंतु यंत्र गरजेहून मोठे असले की खोली झटपट गार होते आणि हवेतील दमटपणा पुरता निघण्यापूर्वीच यंत्र थांबते. चिकचिक तशीच राहते. म्हणून आम्ही आधी घराकडे वळलो. सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर ऊन परतविणारा पांढरा लेप दिला. खिडकीला बाहेरून बांबूची चीक लावली. आतल्या पडद्यापर्यंत पोचणारे ऊन काचेतून घरात आलेलेच असते. एवढे झाल्यावर दीड टनाचे इन्व्हर्टर यंत्र पुरेसे ठरले. वायरमनने विजेचा मंजूर भार पाहून जाड तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग यांची व्यवस्था केली. पाणी निघण्याच्या नळीला उतारही दिला.

अडले ते बाहेरच्या युनिटपाशी. जवळची जागा म्हणजे मागच्या अरुंद बोळाकडील भिंत. तिच्यासमोर, दोन हातांवर, शेजारच्या बिऱ्हाडाची खिडकी. तेथे राहणारी परिचारिका रात्रपाळी करून दिवसा झोपते. हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलते, स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता तीत मिळविते आणि सगळी बाहेर टाकते. “सगळे इथेच लावतात, नळी कमी लागते,” मिस्त्री म्हणाला. तो गेल्यावर आई शांतपणे म्हणाली, “अगं, ती पोर रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी जागते. तिच्या उशाशी आपली आग सोडून मला झोप लागेल का? त्यापेक्षा मी आपली वर्ध्याला जाते.”

आईचा शब्द पोकळ नसतो, हे मला ठाऊक होते. युनिट गच्चीवर नेले. नळी दुप्पट लागली, खर्च वाढला. लांब नळीमुळे यंत्राची कार्यक्षमता किंचित घटते, तेही पत्करले. वर सावलीसाठी छप्पर घातले, मात्र गरम वारा निघून जावा म्हणून चारी बाजू मोकळ्या ठेवल्या.

आता यंत्र २४ अंशांवर चालते आणि सोबतीला पंखा मंद फिरतो. तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २०२० पासून नव्या यंत्रांत आरंभीचे तापमान २४ अंशच ठेवण्याचा नियमही झाला.

यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: दुकानात जाण्यापूर्वी एकदा आपल्या गच्चीवर, एकदा मीटरपाशी आणि एकदा शेजाऱ्याच्या खिडकीपाशी उभे राहून यावे. टनाचा हिशेब त्यानंतर करावा.