चोरीची लाज कोणाला?

माझी आत्या हातोदला राहते. इंदूर शहरातून विमानतळाच्या बाजूने वायव्येकडे निघाले की तासाभराच्या आत हे गाव येते. तहसिलीचे ठिकाण, नगर परिषद, पोलीस ठाणे, बाजारपेठ असे सर्व तेथे आहे; तथापि गावाचे वळण अद्यापि खेड्याचेच. माळव्याची काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, घरोघरी माळवी बोली आणि तिच्याशी गळामिठी घातलेले आत्याचे मराठी, अशा वातावरणात माझ्या बालपणीच्या कित्येक सुट्ट्या गेल्या. खांडव्यास गाडी बदलावयाची, मीटरगेजच्या लहानशा गाडीने पाताळपाणीचा घाट चढून इंदूरला उतरावयाचे, आणि तेथून मोटारीने हातोद गाठावयाचे, असा तो प्रवास असे.

त्या घरात दोन चोऱ्या झाल्या. पहिली १९७४ साली आणि दुसरी २०२४ साली. दोहोंच्या मध्ये पन्नास वर्षे गेली.

पहिल्या चोरीच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. उन्हाळ्याचे दिवस, सर्वजण अंगणात निजलेले. मध्यरात्री आत्याला जाग आली, तो कोणी तांब्याचा हंडा खांद्यावर घेऊन परसदाराने पळताना तिला दिसला. तिने जी आरोळी ठोकली ती आजही माझ्या कानांत आहे. पाहता पाहता आळी जागी झाली. कोणी कंदील आणला, कोणी काठी. गावचा चौकीदार धापा टाकीत आला. समोरच्या घरची म्हातारी तर लाटणे घेऊन दारात उभी राहिली. चोर काही सापडला नाही. परंतु पाठीवर माणसे येत आहेत असे पाहताच त्याने हंडा विहिरीजवळ टाकून दिला, आणि तो पोचा पडलेला हंडा जणू मिरवणुकीने घरी परत आला. पुढे पंधरा दिवस आळीतील पुरुषांनी पाळीपाळीने गस्त घातली, आणि रात्री अकरा वाजता त्यांच्यासाठी चहाचे आधण ठेवण्याचा आत्याने नेम केला. आमच्या घरी भांडी किती, डाग किती, कडी कोणती मोडकी, ह्याची चर्चा गावभर झाली; पण त्याचे कोणास काही वाटले नाही. चोरी झाली होती, आणि तिची लाज चोराला होती.

दुसरी चोरी झाली तेव्हा आळीतले कुत्रेदेखील भुंकले नाही.

आत्याचे यजमान शाळामास्तर होते. ते वारल्याला आता बरीच वर्षे झाली, आणि मुलगा नोकरीनिमित्त दूर असतो. एके सकाळी तिच्या मोबाइलवर गणवेशातील एक माणूस दिसू लागला. तिच्या नावाच्या पार्सलात मादक द्रव्ये सापडली आहेत, तिच्या आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला आहे, आणि तिला ‘डिजिटल अटक’ करण्यात आली आहे, असे त्याने दरडावून सांगितले. फोनसमोरून हलावयाचे नाही. कोणाशी बोलावयाचे नाही. बोललीस तर मुलालाही धरून नेऊ! ज्या बाईने एका आरोळीने गाव गोळा केले होते, ती दोन दिवस त्या काचेसमोर निमूट बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने बँकेत जाऊन मुदतीच्या ठेवीतील ४ लाख रुपये सांगितलेल्या खात्यात भरले. खिडकीवरील तरुणाने विचारलेही, “माँजी, इतनी बड़ी रकम किसलिए?” तिने उत्तर दिले, “नातवाच्या लग्नासाठी.” जन्मात खोटे न बोललेली आत्या त्या दिवशी खोटे बोलली, आणि तेही चोराच्या रक्षणासाठी.

दर रविवारी मी तिला फोन करीत असे. “सगळे ठीक?” असे मी विचारी, आणि “ठीक आहे रे बाबा,” असे ती म्हणे. ह्या घटनेनंतरचे तीन रविवार असेच गेले. दिवाळीत मी हातोदला गेलो तेव्हा तिचा मोबाइल टॉवेलाखाली झाकून ठेवलेला मला दिसला. पाखराच्या पिंजऱ्यावर रात्री फडके टाकतात, तसा तो झाकलेला होता. मी कारण विचारले, आणि तिचा बांध फुटला. पैसे गेल्याचे दुःख तिला होतेच, परंतु वारंवार ती एकच वाक्य म्हणत होती : “अरे, लोक काय म्हणतील? मास्तरांची बायको, आणि इतकी कशी फसली?”

आम्ही ठाण्यात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी आपुलकीने तक्रार लिहून घेतली. परंतु एवढ्या दिवसांत ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन कोठच्या कोठे पांगली होती. वाचकहो, येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. आपल्या देशाच्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची वस्तूच नाही. कोणताही पोलीस, कोणताही न्यायाधीश कोणास फोनवरून अटक करीत नाही व फोनवरून पैसेही मागत नाही. दुसरे असे की, अशी फसवणूक होताच १९३० ह्या क्रमांकावर कळविले, तर पैसे पुढे सरकण्यापूर्वी ते बँकांकडून रोखून धरता येतात. येथे दिवसांची नव्हे, तासांची गणना असते. १९७४ साली हंडा विहिरीपलीकडे गेला नाही, ह्याचे कारण आरोळी वेळेवर गेली. २०२४ साली आरोळी गेलीच नाही.

आत्या एकटीच फसली असती तर मी हे लिहिण्याचा खटाटोप केला नसता. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे सबंध देशात २०२२ साली ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदले गेले. २०२३ साली ते ८६,४२० झाले. २०२४ ह्या एका वर्षात लोकांनी अशा फसवणुकीत गमावलेली रक्कम संसदेत सांगण्यात आली, ती २२ हजार ८४५ कोटी रुपयांवर होती. हे झाले उघडकीस आलेले. टॉवेलाखाली झाकलेले किती असतील, ह्याचा हिशेब कोणता अहवाल देणार?

हातोदही आता पूर्वीचे राहिलेले नाही. इंदूर वाढत वाढत त्याच्या दिशेने येत आहे. शेतांचे प्लॉट पडत आहेत, नवी घरे उठत आहेत, त्यांतील काहींना कुलुपेच जास्त दिवस असतात. विहिरीवरील पंपाची तार कापून नेली, दारातली मोटारसायकल गेली, अशा वार्ता आत्या मधूनमधून सांगते. त्यावर उपाय म्हणून दुकानांवर कॅमेरे आले. ते असावेतच. परंतु कॅमेरा पाहतो, तो हाक मारीत नाही. ती मारावयास शेजारीच लागतो.

हाक न मारल्याने काय होते, ह्याची एक दुःखद आठवण इंदूरच्या परिसराने जपली आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भगिनी राणी मारिया उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये बसल्या होत्या. भूमिहीनांना सावकारीच्या फासातून सोडविण्याचे त्यांचे कार्य काहींना खुपत होते. वाटेत एका माणसाने त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. बसमध्ये उतारू होते. भीतीने कोणी मध्ये पडले नाही. त्या उतारूंना मी दोष देत नाही, कारण त्या जागी मी असतो तर काय केले असते, हे मला ठाऊक नाही. २००२ साली भगिनींच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्यास राखी बांधली, आणि २०१७ साली इंदूर येथे राणी मारिया ह्यांस धन्य म्हणून घोषित करण्यात आले. परंतु ती बस आणि तिच्यातील ती स्तब्धता माझ्या मनातून जात नाही.

तथापि बोलणेही तारतम्याचे हवे. फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात, मनावरजवळ, मजुरांना दिलेली उचल परत मागण्यास गेलेल्या शेतकऱ्यांवर ‘मुले पळविणारे आले’ अशी आवई उठवून जमाव तुटून पडला, आणि त्यांतील एक जण प्राणास मुकला. त्यापूर्वी १ जुलै २०१८ रोजी आपल्या महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ निरपराध माणसांचा अशाच अफवेने बळी घेतला. त्या जमावांनाही वाटले असेल की आपण गावाचे रक्षण करीत आहोत! ज्या गावात शेजाऱ्याशी बोलणे बंद पडते, त्या गावात अफवेला रान मोकळे मिळते. परक्या माणसाचे नाव-गाव विचारावे, भाडेकरूची माहिती ठाण्यास द्यावी, शंका आली तर ११२ क्रमांकावर कळवावे. हात उगारण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही. मध्य प्रदेशात १९९९ च्या कायद्याने ग्राम व नगर रक्षा समित्यांची योजना केली, तीही पोलिसांना साह्य करण्यासाठी, त्यांची जागा घेण्यासाठी नव्हे.

ह्या बाबतीत माळव्याला जुना धडा घालून दिलेला आहे. अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६७ ते १७९५ ह्या काळात, डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटीत असत. सर जॉन माल्कम ह्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात त्याची हकीकत दिली आहे. बाईंनी आधी सौम्यपणे पाहिले, मग कठोर शिक्षाही केल्या. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. रस्त्याने जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ नावाचा अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा पूर्वापार हक्क त्यांनी मान्य केला, आणि त्याबदली आपल्या हद्दीतील वाट राखण्याची व चोरीस गेलेला माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. ज्यांच्याविषयी सारे केवळ भीतीने कुजबुजत होते, त्यांच्याशी त्या बोलल्या.

आत्याच्या कहाणीचा शेवट सांगावयाचा राहिला. पैसे परत आले नाहीत. परंतु दिवाळी संपण्यापूर्वीच ती ओट्यावर बसून आळीतील बायांना सारी हकीकत सांगू लागली. पहिल्या दिवशी तिचा आवाज कापत होता. पुढे पुढे ती त्या गणवेशातील माणसाची नक्कलही करू लागली. हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि आत्याच्याही. तिच्या डोळ्यांतले निराळे असे. महिन्याभराने समोरच्या घरची सून (लाटणेवाल्या म्हातारीची नातसून!) वाजता मोबाइल हातात धरून धावत आली, “माँजी, वही है, वही वर्दीवाला!” आत्याने तो हातात घेतला आणि बंद केला. मग दोघींनी चहा घेतला.

आता रविवारी मी “सगळे ठीक?” असे विचारीत नाही. त्या प्रश्नाला उत्तर एकच असते. “ह्या आठवड्यात कोणाचा फोन आला, कोण दारी आले, ते सांग पाहू,” असे मी म्हणतो. आत्या सांगत बसते, आणि पुष्कळदा अर्धा तास निघून जातो. आपल्याही घरचे कोणी वडीलधारे माणूस दूर, एकटे राहत असेल. येत्या रविवारी त्यांना एवढेच विचारून पाहावे.