मोरीतला वर्ग

ऑक्युपेशनल थेरपीच्या पोस्टिंगला आलेल्या मुलामुलींना कोपर किती अंशांत वाकतं ते बिनचूक मोजता येतं. "काकूंना घरी गेल्यावर आधी काय जमायला हवंय?" असं विचारलं की मात्र केसपेपर चाळला जातो. तिथे ते लिहिलेलं नसतं.

भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांच्या पुढाकाराने सुरू झालं. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेच्या निकषाप्रमाणे विद्यार्थ्याला किमान 1000 तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. त्यातले घरभेटीचे तास मला सर्वांत मोलाचे वाटतात.

एका काकूंची अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडली होती. विभागात त्या पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर नीट सरकू लागल्या. इंटर्न मुलीने 'ट्रान्सफर स्वतंत्र' असं लिहिलं, आणि ते खरंही होतं. मग आम्ही त्यांच्या चाळीतल्या खोलीवर गेलो. संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक, उकिडवं बसायचा. आंघोळ मोरीत, पाटावर. मोरीला वीतभर उंचीचा कठडा.

मुलगी लगेच म्हणाली, "इथे भिंतीला दांडा बसवून घ्या." मी तिला थांबवलं. घरभेटीत माझा एक नियम आहे: माणूस ते काम करून दाखवेपर्यंत सल्ला द्यायचा नाही आणि तोल जात नसेल तर हातही लावायचा नाही. नुसतं बघत उभं राहणं मुलांना फार जड जातं. मदत करायलाच तर ती या अभ्यासक्रमाला आलेली असतात.

काकू अंगावरच्या कपड्यांनिशी मोरीत गेल्या. डावा हात सुनेच्या खांद्यावर, मग पाण्याच्या पिंपाच्या काठावर. मुलगी बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, आत्ता पिंप भरलेलं आहे. रिकामं असताना सरकेल ना?"

तिथून पुढचं तिनेच विचारलं. पाणी किती वाजता येतं? त्या वेळी घरात कोण असतं? संडासापुढची रांग कधी कमी असते? पाटाच्या जागी रबरी बुडांचं स्टूल आलं, बादली डाव्या हाताशी. खोलीत कमोडची खुर्ची ठेवायला काकूंनी साफ नकार दिला: "सगळ्यांसमोर? मला नाही जमायचं." तीच खुर्ची भांडं काढून संडासावर ठेवता येईल का, म्हणून मोजपट्टी काढली, तर दार आत उघडणारं. दाराची बाजू बदलायला चाळ समितीला विचारायचं ठरलं. आणि भल्या पहाटे, रांग लागायच्या आत, गॅलरी चालून जाणं हे काकूंचं नवं उद्दिष्ट झालं.

विभागात परतल्यावर तिने 'ट्रान्सफर स्वतंत्र' खोडलं नाही. त्यापुढे 'विभागात' एवढंच जोडलं. त्या पोस्टिंगचे गुण मी तिला तिथेच देऊन टाकले.