हो बाई, कळलं!

आमच्या जिन्याखाली एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला. ते गेल्यावर बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. हार्डडिस्क बिघडलेली, म्हणून भंगारात द्यायला काढला, तर नातू म्हणाला, "आजी, थांब. याला आपण घराचा दरवान करू."

त्याने त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि पेनड्राइव्हवरून 'अल्पाइन लिनक्स' सुरू केलं. ही प्रणाली इतकी आटोपशीर, की सुरू होताना सगळी रॅममध्ये जाऊन बसते. हार्डडिस्क नसली तरी चालतं. हिचे पूर्वज तर म्हणे एका फ्लॉपीत मावायचे!

हा दरवान करतो काय, ते मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. पत्र कुठल्याही शिक्षकाचं असो, बाहेर जातं ते शाळेच्या पत्त्याने. उत्तर आलं की लिपिक नोंद बघून ते ज्याचं त्याला पोचवतो. तसंच इथे. माझा मोबाइल, टीव्ही, वरच्या खोलीतल्या दोन भाडेकरू मुलींचे लॅपटॉप, सगळ्यांना '१९२.१६८'ने सुरू होणारे घरगुती पत्ते हाच वाटतो. बाहेरच्या जगाला मात्र आमच्या घराचा एकच पत्ता दिसतो. कोणी न मागवता आलेलं काही असेल तर ते दारातच अडवतो.

मध्यंतरी आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली. नातू तेव्हा वसतिगृहात. त्याने फोनवरून सांगितलं तसं मी माझ्या लॅपटॉपवरून नवं नाव आणि पासवर्ड त्यात भरला. नेट सुरू झालं! "आजी, आता शेवटी 'एलबीयू कमिट' कर हं. नाहीतर बदल जपले जाणार नाहीत. कळलं ना?"

"हो, कळलं," मी म्हटलं. खरं तर काही कळलं नव्हतं. नेट चालू झालं, आता आणखी काय करायचं राहिलं? त्याला परत कशाला विचारायचं, त्याचा अभ्यास असतो…

महिन्याभराने एका संध्याकाळी वीज गेली, तासाभराने आली. मुली खाली आल्या. "काकू, नेट नाहीये." एकीचा परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. बिचारीने कसाबसा मोबाइलवरून भरला. मी दरवानाला उघडून बघते तो काय, त्यात जुन्याच कंपनीचं नाव! रॅममधलं सगळं वीज जाताच पुसलं गेलं होतं. पेनड्राइव्हवर जपलं होतं तेवढंच परत आलं. 'कमिट' म्हणजे रॅममधले बदल पेनड्राइव्हवर उतरवणं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

त्या रात्री सातवीतला एक मुलगा आठवला. शेकडेवारी शिकवून मी विचारलं होतं, "कळलं का?" सगळ्या वर्गाबरोबर तोही म्हणाला, "हो बाऽऽई!" दुसऱ्या दिवशी त्याला फळ्यावर एक उदाहरण सुटेना. "मग काल हो कशाला म्हणालास?" म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बोलले होते. तो मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला होता.

आता त्याचं उत्तर मीच देऊ शकते. सगळे हो म्हणत होते. बाईंना त्रास नको. आणि त्या क्षणी खरंच कळल्यासारखं वाटत होतं! इतकी वर्षं शिकवलं, पण 'कळलं का?' याऐवजी 'करून दाखव' म्हणायला हवं होतं, हे मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाला फोन केला. म्हटलं, "नाही रे कळलं. पुन्हा सांग, मी वहीत लिहून घेते." त्याने न कंटाळता सांगितलं. मग मी करून दाखवलं, दरवान बंद केला, पुन्हा सुरू केला. नेट आलं.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे भेटला तर त्याची माफी मागायची आहे.